व्यक्तिचित्र म्हणजे मुजरा नव्हे

मराठीत व्यक्तिचित्रांना तोटा नाही. दिवाळी अंक उघडावा तर दोन-चार सापडतातच. एखाद्या नामवंताची जन्मशताब्दी आली की गौरवग्रंथ निघतो, कुणी गेले की आठवडाभर श्रद्धांजलीचे लेख येत राहतात, संस्थांच्या सभागृहांत संस्थापकांची तैलचित्रे ओळीने लागतात. या सगळ्यामागे एक समजूत ठाण मांडून बसली आहे आणि अनेक जाणते लेखक-संपादक ती उघडपणे मांडतातही. व्यक्तिचित्र ही माणसाला दिलेली मानवंदना आहे, असे ते म्हणतात. माणसातले चांगले ते टिपावे, पुढच्यांच्या हाती द्यावे. उणे काढायला टीकाकार आहेत, चरित्रकार आहेत, शिवाय काळ आहेच. चित्रकाराने आणि लेखकाने त्यात कशाला पडावे? ऐकायला हे सज्जनपणाचे वाटते, म्हणूनच त्याचा प्रतिवाद सहसा कुणी करत नाही. पण ही समजूत कलेच्या दृष्टीने चुकीची आहे, इतिहासाच्या दृष्टीने घातक आहे आणि आपल्या परंपरेला धरूनही नाही. व्यक्तिचित्र ही साक्ष असते. अमुक एक माणूस असा होता, मी त्याला असा पाहिला, हे सांगण्याची जबाबदारी ज्याने घेतली त्याने मुजरा करण्यासाठी मान खाली घातली, तर त्याला समोरचा चेहरा दिसणार कसा?

मानवंदनेच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे आधी नीट समजून घेतले पाहिजे. कृतज्ञता ही खरी भावना आहे. ज्याने आयुष्य झिजवून शाळा उभारली, त्याच्याबद्दल चार शब्द लिहिताना त्याच्या तापटपणाची जंत्री देणे कुणालाही अप्रशस्त वाटेल. शिवाय थोरांची चित्रे समोर असली की माणसे वर पाहतात, हेही खोटे नाही. अडचण अशी की निव्वळ कृतज्ञतेतून लिहिलेली व्यक्तिचित्रे एकमेकांसारखी होत जातात. साधी राहणी, मिश्कील स्वभाव, कामाचा झपाटा, वरून कठोर पण आतून मृदू, कार्यकर्त्यांचे मोहोळ, घराकडे झालेले दुर्लक्ष आणि पत्नीने दिलेली साथ : हे रसायन इतके ठरून गेले आहे की शिक्षणमहर्षीवरच्या लेखातले नाव खोडून तिथे सहकारमहर्षीचे घातले तरी वाचकाच्या लक्षात येणार नाही. ज्या लेखात नाव बदलता येते, त्यात माणूस नाही. म्हणजे ज्याचा सन्मान करायला निघालो, नेमका तोच हरवला. स्तुती गुणांची होते, आणि गुण सगळ्यांचे सारखे असतात. ते गुण ज्या विशिष्ट देहात, विशिष्ट हट्टांसह आणि विशिष्ट भीतींसह राहत होते, ते दाखवले तरच एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा होतो.

मानवंदना हाच व्यक्तिचित्राचा हेतू असता, तर चित्र त्या माणसाचे आहे की नाही याने काही बिघडले नसते. महाराष्ट्रात याची कसोटी एकदा प्रत्यक्ष लागून गेली आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र दीर्घकाळ प्रचारात होते, ते वास्तविक इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे होते. लोक त्याला मनापासून हार घालत होते. त्या भक्तीत काडीचीही खोट नव्हती. तरीही इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना ते चित्र सलले. त्यांनी परदेशी साधने धुंडाळली आणि डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्या अठराव्या शतकातील ग्रंथातले महाराजांचे चित्र पुढे आणले. आज आपण जो चेहरा महाराजांचा म्हणून ओळखतो, तो या शोधानंतरचा आहे. बेंद्रे यांच्या खटाटोपाचा अर्थ काय? भक्ती आधीही होती आणि नंतरही होती, मुजऱ्याला काहीच कमी पडले नव्हते. कमी पडले होते ते सत्य. बेंद्रे यांच्या शोधाला ज्या समाजाने डोक्यावर घेतले, त्या समाजाने आपल्या वागण्यातूनच सांगून टाकले, की व्यक्तिचित्राकडे आम्ही नमस्काराला एक निमित्त म्हणून पाहत नाही. हा माणूस खरोखर कसा होता हे आम्हाला त्यातून हवे आहे.

यावर एक विद्वत्तापूर्ण आक्षेप नेहमी येतो. हुबेहूबपणाचा सोस पाश्चात्त्य आहे, भारतीय कलेने व्यक्तीपेक्षा आदर्शाला महत्त्व दिले, असे सांगतात. हे अर्धेच खरे आहे. कामसूत्रावरील यशोधराच्या टीकेत चित्राची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत लावण्ययोजन जसे आहे तसेच सादृश्यही आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात 'विद्ध' नावाचा चित्रप्रकार आहे. आरशातल्या प्रतिबिंबासारखे सादृश्य हे त्याचे लक्षण. कल्याणीच्या या राजाचे राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होते, तेव्हा हा विचार आपल्याला परका म्हणता येत नाही. साहित्याकडे पाहिले तर पुरावा आणखी भक्कम होतो. भासाच्या प्रतिमानाटकात आजोळाहून परतणारा भरत अयोध्येच्या वेशीबाहेरच्या प्रतिमागृहात शिरतो. तिथे दिलीप, रघू, अज यांच्या प्रतिमा आहेत आणि त्यांच्या रांगेत दशरथाचीही आहे. प्रतिमागृहात फक्त दिवंगत राजांच्याच प्रतिमा ठेवतात, हे तिथल्या देवकुलिकाकडून कळते आणि भरत कोसळतो. बापाच्या मृत्यूची जी वार्ता कुणी त्याच्या कानावर घातली नव्हती, ती त्याला प्रतिमेने सांगितली. नाटककाराने प्रतिमेला जे काम दिले आहे ते पाहा : बाकीचे गप्प असताना तिने खरे बोलायचे.

कालिदासाच्या शाकुंतलातले सहाव्या अंकातले चित्र याच्याही पुढे जाते. शकुंतलेला ओळख न देता परत पाठवणारा दुष्यंत अंगठी सापडल्यावर तिचे चित्र काढतो. चित्र इतके साधले आहे की पाहणारे थक्क होतात; पण दुष्यंताचे समाधान होत नाही. मालिनी नदी राहिली, तिच्या वाळवंटातली हंसांची जोडी राहिली, कानावर अडकवलेले शिरीषाचे फूल राहिले, असे तो एकेक मोजत बसतो. ही सौंदर्याची यादी नाही, स्मरणाची झाडाझडती आहे. जो तिला विसरला होता त्याला आता बारीकसारीक तपशील चुकवून चालणार नाही, कारण विसरण्याचा अपराध त्याचाच आहे. चित्रातल्या भुंग्याला तो खरा समजून दम देऊ लागतो आणि विदूषकाला आठवण करून द्यावी लागते की महाराज, हे चित्र आहे. दुष्यंताने शकुंतलेची महती गाणारे चार श्लोक रचले असते तर ते त्याला सोपे गेले असते. नेमकेपणा अवघड असतो, कारण तो काढणाऱ्याकडूनच हिशेब मागतो. आदर्शाचा हवाला देऊन सादृश्य दुय्यम ठरवणाऱ्यांनी हा अंक पुन्हा वाचावा.

चित्रकलेतले एकच उदाहरण जवळून पाहू. १६१८ मध्ये जहांगीर बादशहाच्या दरबारातला इनायतखान हा अधिकारी अफू आणि दारूच्या व्यसनाने मरणपंथाला लागला. आग्र्याला जाण्याची परवानगी मागण्यासाठी त्याला पालखीतून बादशहासमोर आणले. त्याची दशा पाहून जहांगीर चकित झाला. हाडांवर नुसते कातडे ताणलेले आहे, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात नोंदवले. त्याने चित्रकारांना बोलावून त्याचे चित्र काढायला सांगितले आणि इनायतखानाला खर्चासाठी दोन हजार रुपये दिले. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्या चित्राचे रेखाटन आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि रंगवलेली प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात. भल्यामोठ्या लोडातक्क्यांच्या मध्ये एक माणूस टेकून बसला आहे. अंगरखा छातीवरून बाजूला झालेला, बरगड्या मोजता याव्यात अशा, हात काटक्या झालेले, डोळे खोल गेलेले पण उघडे. लोड मोठे आणि भरलेले, माणूस रिकामा. कुठेही दया मागितलेली नाही, धडा शिकवलेला नाही, व्यसनाचा निषेध नाही. बादशहाचे कुतूहल निर्दय होते असे कुणी म्हटले तर ते मान्य करावे लागेल. पण परिणाम पाहा. त्या दरबारात रत्नजडित पोशाखातल्या किती सरदारांची चित्रे झाली; त्यांतले अनेक आज नावासकट विसरले गेले. इनायतखानाने असे कोणतेही कर्तृत्व केले नव्हते की चारशे वर्षांनी त्याची आठवण राहावी. तो राहिला, कारण त्याच्याकडे कुणीतरी नजर न चुकवता पाहिले.

इथे मूर्ती आणि व्यक्तिचित्र यांच्यातली सीमा स्पष्ट करायला हवी, कारण आपला सगळा गोंधळ या सीमेवर होतो. मूर्तीचे नियम ठरलेले असतात. विठ्ठलाचे हात कटेवर असलेच पाहिजेत. शिल्पकाराने आपल्या मनाने ते बदलले तर ती मूर्ती राहणार नाही. मूर्ती सगळ्यांसाठी सारखी असते आणि तशीच असावी, कारण भक्ताला तिच्यात आपले सगळे ओतायचे असते. व्यक्तिचित्राची गोष्ट उलट आहे. ते पाहणाऱ्याला आपल्यातले काही ओतू देत नाही, समोरच्याचे जे आहे ते घ्यायला लावते. आपण माणसांची व्यक्तिचित्रे मूर्तीच्या नियमांनी करू लागलो, की पगडी, उपरणे, चष्मा, काठी ही त्यांची आयुधे होतात आणि चेहरा नाहीसा होतो. मग चौकातला पुतळा कोणाचा हे चबुतऱ्यावरच्या पाटीवरून कळते. या दैवतीकरणाचा तोटा त्या थोर माणसालाच होतो. देवाला प्रश्न विचारायचा नसतो, त्याच्याशी वाद घालायचा नसतो, त्याचे अनुकरणही करायचे नसते. ज्याच्या मोहांची आणि चुकांची काहीच खबर नाही, त्याच्याकडून एखादा तरुण शिकणार काय? प्रेरणेचा मुद्दा मानवंदनेच्या बाजूने नेहमी मांडला जातो. खरे तर तो तिच्या विरुद्ध जातो.

कुणी म्हणेल, व्यक्तिचित्र बहुधा मागणीवरून होते. पैसे देणाऱ्याला खूश करणे भागच असते, तेव्हा साक्षीच्या गोष्टी बोलणे भाबडेपणाचे आहे. मागणी होती हे खरेच. मुंबईतली जे. जे. स्कूलमधून निघालेल्या चित्रकारांची व्यक्तिचित्रणाची परंपरा संस्थानिक, न्यायाधीश, व्यापारी यांच्या मागणीवरच उभी राहिली. पण मागणीमुळे सत्य अशक्य होते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्पॅनिश चित्रकार व्हेलास्क्वेझने १६५० मध्ये रोममध्ये पोप दहावे इनोसंट यांचे चित्र काढले. कॅथॉलिक जगात याहून मोठा आश्रयदाता असूच शकत नव्हता. तरी चित्रातला माणूस संशयी, सावध, कुणावर सहजी विश्वास न टाकणारा आहे. लाल रेशमाच्या झळाळीत त्याची नजर बोचते. हे फारच खरे झाले, असे पोप म्हणाल्याचे सांगतात. ते तसे म्हणाले असोत वा नसोत, चित्र त्यांनी नाकारले नाही आणि आजही ते रोममध्ये त्यांच्याच घराण्याच्या संग्रहात आहे. उलट उदाहरण विसाव्या शतकातले आहे. १९५४ मध्ये विन्स्टन चर्चिल यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश संसदेने ग्रॅहम सदरलंड यांच्याकडून त्यांचे चित्र करवून घेतले. थकलेला, खुर्चीत रुतलेला म्हातारा चर्चिल यांना आवडला नाही, आणि पुढे चर्चिल यांच्या पत्नीने ते चित्र नष्ट करवले. चर्चिल यांची हजारो छायाचित्रे शिल्लक आहेत. एका समर्थ चित्रकाराने त्यांच्या म्हातारपणाची दिलेली साक्ष मात्र गेली. त्यात मान कुणाचा राखला गेला?

आता मराठी साहित्याकडे वळू, कारण मानवंदनेचे खरे ठाणे तिथे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. या पुस्तकाचा उगम ध्यानात घेण्यासारखा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांच्या चरित्रासाठी आईने आठवणी लिहून द्याव्यात, असा मुलाचा आग्रह होता. थोर कवी, धर्मांतरामुळे गाजलेला माणूस, दिवंगत पती आणि हाती लेखणी असलेली विधवा : गौरवगाथेला लागणारी सगळी सामग्री तयार होती. लक्ष्मीबाईंनी ती बाजूला सारली. त्यांच्या पुस्तकातले टिळक शीघ्रकोपी आहेत, लहरी आहेत, घरात पैसा टिकू न देणारे आहेत, न सांगता निघून जाणारे आहेत. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नीवर काय कोसळले तेही त्यात आहे. सोवळ्याच्या वेडापायी घरादाराला जेरीस आणणारे लक्ष्मीबाईंचे वडीलही आहेत. लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या सोवळ्याओवळ्याच्या समजुतींनाही पाठीशी घातलेले नाही. आणि तरी हे पुस्तक मिटताना टिळकांबद्दल वाचकाच्या मनात तिरस्कार उरत नाही. उरते ते प्रेम, आणि ते लक्ष्मीबाईंच्याइतकेच खडतर वाटेने आलेले असते. टिळकांवरची औपचारिक स्तुतिपर भाषणे आज कुणाच्या स्मरणात आहेत? टिळक जिवंत आहेत ते पत्नीच्या या निर्भीड पुस्तकात.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० मधले पुस्तक माझ्याविरुद्ध पुढे करता येईल, कारण ते उघडच भक्तिभावाने लिहिलेले आहे. पण त्यातले आज काय वाचले जाते ते तपासावे. इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी रमाबाईंचा केलेला छळ, पती महादेवरावांचे न बोलता रागावणे, पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याच्या प्रकरणी त्यांनी घेतलेले प्रायश्चित्त, या जागी पुस्तक धगधगते. भक्त असूनही रमाबाईंनी हे गाळले नाही. भक्ती आणि साक्ष एकत्र नांदू शकतात, हेच त्यातून दिसते. मात्र पुस्तकाला तारून नेले आहे ते साक्षीने.

१९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा मराठी वाचकांच्या एका वर्गाने जो संताप केला, तो मानवंदनेच्या समजुतीचा कळस होता. पु. ल. देशपांडे हयात होते आणि महाराष्ट्राचे लाडके होते. त्यांच्या पत्नीने त्यांच्या आत्ममग्नतेबद्दल, घरातल्या गोष्टींची झळ स्वतःला लागू न देण्याच्या सवयीबद्दल लिहावे, हे अनेकांना प्रतारणेसारखे वाटले. या लोकांनी एक गोष्ट पाहिली नाही. सुनीताबाईंनी जी फूटपट्टी पुलंना लावली तीच, किंबहुना अधिक कठोरपणे, स्वतःला लावली होती. सूड घेणारा माणूस स्वतःला वगळून लिहितो. साक्षीदार स्वतःला पिंजऱ्यात उभा करतो. आणि परिणामाकडे पाहायचे तर पुलंची लोकप्रियता त्या पुस्तकाने कणभरही घटली नाही. घटली ती एका सदाहसऱ्या मूर्तीची सोय. हसवणारा माणूस घरात कसा असतो, त्याच्या हसवण्याची किंमत कोण मोजते, हे प्रश्न मराठीत त्या पुस्तकाने खुले केले. वाचकाचा हा फायदा आहे की नुकसान?

खुद्द पुलंना मानवंदनेच्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे करणाऱ्यांना तर मी विचारीन की तुम्ही 'व्यक्ती आणि वल्ली' नीट वाचली आहे का? १९६२ मध्ये आलेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या पुस्तकातली माणसे काल्पनिक आहेत, आणि त्यांत कुणी थोर नाही. रत्नागिरीचा अंतू बर्वा कुजकट बोलतो, जगातल्या कुठल्याच मोठेपणावर त्याचा विश्वास नाही. लेखकाने त्याची जीभ गोड केली असती तर तिच्या आडचे एकटेपण आपल्याला दिसलेच नसते. पुलंच्या काही व्यक्तिचित्रांत शेवटी डोळे पाणावण्याची सवय आहे, ही टीका मला मान्य आहे. पण जिथे ती सवय बळावते तिथे चित्र फिके होते, आणि हे माझ्याच म्हणण्याला बळ देते. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मध्ये, म्हणजे १९४९ मध्येच, हा मोह टाळलेला दिसतो. धर्मा रामोशी, झेल्या, रामा मैलकुली, मुलाण्याचा बकस यांचा गौरवग्रंथ कोणी काढला नसता. माडगूळकर त्यांच्या दारिद्र्याचे भांडवल करत नाहीत आणि त्यांच्या सोशिकतेचे गोडवेही गात नाहीत. वाक्ये छोटी, विशेषणे मोजकी, आणि माणूस दुष्काळी मुलखासकट उभा. मराठी गद्याने व्यक्तिचित्रात जे मिळवले ते मान्यवरांच्या स्तुतीतून नव्हे, या अनामिकांकडे सरळ पाहण्यातून मिळवले.

माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला घाईने उत्तर देणे अन्यायाचे होईल. ज्यांना शतकानुशतके चित्रात जागाच नव्हती, किंवा होती ती विद्रूप करून, त्यांनी आपल्या माणसांचे गौरवचित्र का करू नये? झोपडीच्या भिंतीवर बाबासाहेब आंबेडकरांचा निळ्या कोटातला फोटो लागतो, तेव्हा ती निव्वळ स्तुती नसते; आमच्यातला माणूस असा उभा राहू शकतो, हा तो दावा असतो. हा दावा न्याय्य आहे आणि भिंतीवरच्या त्या फोटोला हात लावण्याचा कुणालाही अधिकार नाही. पण प्रतिष्ठा गौरवानेच मिळते, हे यातून सिद्ध होत नाही. दया पवारांनी १९७८ मध्ये 'बलुतं' लिहिले तेव्हा आपल्या माणसांना सजवले नाही. कावाखान्यातले जगणे, आई, बाप, स्वतःची लाचारी आणि स्वतःचे पळपुटेपण, सगळे त्यांनी मांडले. दया पवार आणि दगडू मारुती पवार अशी स्वतःचीच फाळणी करून एकाला दुसऱ्यासमोर बसवले. घरातली लक्तरे वेशीवर टांगली, असा ठपका त्यांच्या समाजातूनही आला. पण मराठी वाचकाला दलित माणूस ही दयेची वस्तू नाही, पूर्ण माणूस आहे, हे ज्या पुस्तकांनी पटवले त्यांत 'बलुतं' अग्रभागी आहे, आणि ते त्याने लपवाछपवी न करता पटवले. पोपचे चित्र काढले त्याच वर्षी व्हेलास्क्वेझने आपला गुलाम हुआन दे पारेखा याचेही चित्र काढले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पारेखाला उंची वस्त्रे चढवलेली नाहीत. तो मान ताठ ठेवून सरळ आपल्याकडे पाहतो आणि नजर काढून घ्यायची पाळी आपल्यावर येते. त्याला गुलामीतून मुक्त करणारा कागद त्याच वर्षीच्या अखेरीस झाला. गौरव म्हणजे वरून दिलेली देणगी. इथे चित्रकाराने काही दिले नाही, जे होते ते कबूल केले. वंचितांना आजवर नाकारली गेली ती हीच कबुली.

मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल वाईट लिहू नये, हा आक्षेप नेहमीचा आहे. त्याला उत्तर देता येत नाही हे खरे, पण म्हणूनच त्याच्याविषयी खोटे बोलण्याचीही मुभा नसावी. आणि खोटी स्तुती हेही खोटेच आहे. उखाळ्यापाखाळ्या आणि साक्ष यांत फरक कसा करायचा, असे कुणी विचारील. तो करणे फारसे कठीण नाही. उखाळी काढणारा माणसाचा एकच दोष धरतो आणि त्यातच त्याला बुडवतो. स्तुतिपाठक एकच गुण धरतो आणि त्यातच त्याला मढवतो. पद्धत एकच आहे, फक्त रंग वेगळा. साक्षीदार गुण आणि दोष एकाच माणसात एकमेकांना कसे धरून होते ते दाखवतो. टिळकांची उधळी वृत्ती आणि अनाथ पोरांना घरात आणण्याची वृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. लक्ष्मीबाईंनी पहिली लपवली असती तर दुसरी आपल्याला पोकळ वाटली असती.

राहिला तो आजचा आवडता आक्षेप. चित्रकार शेवटी स्वतःलाच रंगवतो, लेखक दुसऱ्याच्या निमित्ताने स्वतःबद्दलच बोलतो, म्हणून साक्ष वगैरे सब झूठ आहे, असे म्हणणारे आता बरेच आहेत. पाहणाऱ्याची जागा चित्रात उमटते, यात शंका नाही. पण कोर्टातल्या साक्षीदारालाही आपण आधी हेच विचारतो की तू कुठे उभा होतास, किती अंतरावर होतास, तुझा संबंधित माणसाशी काय संबंध. त्याची जागा कळली म्हणून साक्ष रद्द होत नाही, उलट तपासता येते. लक्ष्मीबाई पत्नी म्हणून पाहतात, माडगूळकर त्याच मुलखातले म्हणून पाहतात, आणि हे दोघेही आपली जागा लपवत नाहीत. जागा लपवतो तो गौरवलेखक, कारण त्याचे 'आम्ही सारे' कुणाचेच नसते. कॅमेऱ्याने हे काम संपवले, असे म्हणणाऱ्यांनाही याच उत्तरात उत्तर आहे. कॅमेरा क्षण टिपतो. माणसासोबत घालवलेल्या काळाचा निवाडा तो देत नाही. चर्चिल यांचे उदाहरण याच कारणाने बोलके आहे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा ओळीने कोरलेल्या होत्या, आणि डोक्यावर त्यांची नावे होती : सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी, राजकुमार. महाराष्ट्रातली ही सर्वांत जुनी ज्ञात व्यक्तिशिल्पे; साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. आज त्यांची फक्त पावले उरली आहेत. बाजूच्या भिंतींवरचा शिलालेख मात्र झिजूनही वाचता येतो, आणि त्यात यज्ञांची नावे आहेत, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे आहेत. मानवंदना शाबूत राहिली आणि नागनिका कशी होती हे आपल्याला कधीच कळणार नाही. तिथे काळाने आणि तोडफोडीने जे केले, ते आपण गौरवग्रंथांतून आणि स्मृतिलेखांतून आपल्याच हाताने करत आहोत : दानधर्माचे आकडे ठेवतो आणि चेहरा पुसून टाकतो. म्हणून संपादकांना, लेखकांना आणि तैलचित्रांच्या मागण्या नोंदवणाऱ्या संस्थांना एवढेच सांगणे आहे. ज्याला जवळून पाहिले नाही त्याच्यावर व्यक्तिचित्र मागू नका आणि लिहू नका. पाहिले असेल तर जे पाहिले ते लिहा, आपण कुठून पाहिले तेही लिहा. नाव बदलून चालेल असा मजकूर हाती आला, तर तो कितीही मोठ्या माणसाने कितीही मोठ्या माणसावर लिहिलेला असो, परत पाठवा. आणि वाचकांनी आपल्या आवडत्या माणसाचे खरे चित्र समोर आले की रागावण्याआधी ते शेवटपर्यंत वाचावे. आपल्या माणसांवर प्रेम करण्याचा याहून प्रामाणिक मार्ग नाही.